अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजात क्रेडिटचा हिशेब: नव्याने जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरचा शेवट, शनिवारची रात्र. नाशिकचा एक मुलगा होस्टेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या परीक्षेत त्याला १०० पैकी ४१ मिळाले होते. कॉलेजच्या पोर्टलवर प्रत्येक कोर्सच्या नावासमोर एक बारकंसं बटण असतं, ‘विथड्रॉ’, म्हणजे कोर्स सोडा. त्याने ते दाबलं, ‘नक्की का?’ या प्रश्नाला हो म्हटलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. सोमवारी सकाळी माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा त्याला एवढंच विचारायचं होतं, की शिष्यवृत्तीला काही होणार नाही ना? शिष्यवृत्ती राहिली बाजूला. त्याची १४ क्रेडिट १० वर आली होती, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला १२ लागतात हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

त्याचं निस्तरलं. मुदत संपायला दोन दिवस होते आणि प्राध्यापकांनी त्याला वर्गात परत घेतलं. सगळ्यांचं निस्तरत नाही.

मी मिडवेस्टमधल्या एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजात मुलांना कोर्स निवडायला मदत करते. त्याआधी साताऱ्याहून इथेच शिकायला आले होते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. आपल्याकडे वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं. फळ्यावर लागलं की आपण वहीत उतरवून घेतो. किती विषय घ्यायचे हा प्रश्न विद्यार्थ्याला कोणी विचारतच नाही. इथे तो दर सेमिस्टरला विचारतात, आणि तुम्ही दिलेला आकडा चार वेगवेगळी ऑफिसं आपापल्या चष्म्यातून बघतात: रजिस्ट्रार पदवीसाठी, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय व्हिसासाठी, फायनान्शियल एडवाले शिष्यवृत्तीसाठी आणि अकाउंट्सवाले फीसाठी. पोर्टलवरचं बटण यांपैकी कोणालाही विचारत नाही. विचारायचं काम तुमचं.

१. कॉलेज कोणत्या अर्थाने ख्रिस्ती आहे ते आधी बघा

‘ख्रिस्ती कॉलेज’ हा शब्द फार ऐसपैस आहे. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज (१८६०) विद्यार्थ्याकडूनच ख्रिस्ती श्रद्धेची अपेक्षा ठेवतं आणि तिथे चॅपलची, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनासभेची, हजेरी सक्तीची आहे. मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सचं कॅल्व्हिन (स्थापना १८७६, युनिव्हर्सिटी हे नाव २०१९ पासून) आणि तिथून जवळच असलेलं होप कॉलेज, ही दोन्ही रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेतली. पण तिथे कोणत्याही धर्माच्या मुलाला प्रवेश मिळतो आणि चॅपलला जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. टेक्ससमधलं बेलर बॅप्टिस्ट. तिथे चॅपलच्या ठरावीक सेमिस्टर पूर्ण कराव्या लागतात. नोटर डेम कॅथलिक. तिथे इंजिनिअर होणाऱ्यालाही थिऑलॉजीचे दोन कोर्स चुकत नाहीत. मिशिगनमधलीच अँड्रूज युनिव्हर्सिटी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची: शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, तेवढा वेळ वर्ग नाहीत की परीक्षा नाही. पुणेकरांना हा पंथ औंधजवळच्या स्पायसरमुळे माहीत असतो, निदान तिथल्या ब्रेडमुळे तरी.

मराठी माणसाचं या कॉलेजांशी नातं नवं नाही. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ नॉर्थ चिली नावाचं गाव आहे. तिथलं रॉबर्ट्स वेस्लियन ज्या शाळेतून वाढलं, त्या चेसब्रो सेमिनरीत पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १८९० च्या दशकाच्या अखेरीस शिकत होती.

तुमच्या कामाचा भाग असा, की अर्ज करण्याआधी कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये तीन गोष्टी शोधा. बायबल किंवा थिऑलॉजीचे किती क्रेडिट पदवीसाठी लागतात? चॅपल सक्तीचं आहे का, आणि असेल तर त्याची नोंद कशी होते? वागणुकीच्या नियमपत्रावर सही करावी लागते का, आणि त्यात दारू, होस्टेलमधल्या भेटीगाठी याबद्दल काय लिहिलंय? पहिल्या दोन गोष्टी थेट तुमच्या वेळापत्रकात येऊन बसतात. बायबलचे कोर्स साधारणपणे ‘कोअर’मध्ये मोडतात, म्हणजे पदवीच्या १२० क्रेडिटच्या आतच असतात, वरून लादलेले नसतात. ते पुढे ढकलून शेवटच्या वर्षी चार-चार एकदम घ्यायची वेळ आणू नका.

‘मी हिंदू आहे, मार्क कमी देतील का?’ हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. निबंधाला ग्रेड मिळते ती मजकूर किती नीट वाचला आणि मुद्दा कसा मांडला यावर. मला न्यू टेस्टामेंटच्या वर्गात बी प्लस होता, आणि ए हुकला तोही व्याकरणामुळे. घरी कीर्तनं ऐकत वाढल्यामुळे दृष्टांत म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला लागलं नाही. बाजूच्या आयोवाच्या मुलाला बराच वेळ लागला.

२. एक क्रेडिट म्हणजे नक्की किती काम

अमेरिकी केंद्रीय नियमात क्रेडिट अवरची व्याख्या अशी आहे: आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याखेरीज किमान दोन तास बाहेरचं काम, असं साधारण १५ आठवडे. म्हणजे ३ क्रेडिटचा एक कोर्स आठवड्याचे ९ तास खातो. १५ क्रेडिट घेतली की ४५ तास झाले. कॅम्पसवर नोकरी धरलीत, तर एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत परवानगी असते. बेरीज ६५. यात जेवण, कपडे धुणं, आईशी व्हिडिओ कॉल आणि चॅपल धरलेलं नाही.

इथे एक फसगत ठरलेली आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. तिथून येणारा मुलगा १५ चा आकडा बघतो आणि म्हणतो, ‘एवढंच? मी तर २२ करत होतो.’ आकडा एकाच नावाचा असला तरी त्याच्या मागचं काम वेगळं आहे. आपल्याकडे ताण सेमिस्टरच्या शेवटी एकवटतो. इथे दुसऱ्या आठवड्यापासून दर सोमवारी क्विझ, दर गुरुवारी लॅबचा रिपोर्ट, दर वर्गाआधी चाळीस पानं वाचून यायचं. ‘शेवटचे पंधरा दिवस रात्री जागून काढतो’ ही विद्या इथे चालत नाही, कारण तोवर साठ टक्के मार्क वाटून झालेले असतात.

३. पहिल्या सेमिस्टरला किती घ्यायचं

हिशेब साधा आहे. १२० क्रेडिटची पदवी आठ सेमिस्टरमध्ये संपवायची तर दर सेमिस्टरला सरासरी १५. ‘सुरुवातीला सवय होईपर्यंत १२ च घेऊ’ असं म्हणून दरवेळी १२ च घेत गेलात, तर आठ सेमिस्टरनंतर ९६ होतात. उरलेल्या २४ साठी आणखी एक वर्ष, त्याची फी आणि राहण्याचा खर्च.

१२ चा दुसरा धोका जास्त जवळचा आहे: त्यात खाली उतरायला पायरीच नाही. एक विषय सुटला की थेट व्हिसाचा प्रश्न. म्हणून नव्या मुलांना मी एकच कसोटी देते. सर्वांत अवघड वाटणारा कोर्स मनातल्या मनात वजा करा; उरलेली क्रेडिट १२ तरी राहिली पाहिजेत. केमिस्ट्री लॅबसकट ४ क्रेडिटची असते, म्हणजे एकूण १६ घ्या. त्या १६ मध्ये लॅबचा विषय मात्र तेवढा एकच.

एक नमुना सांगते. जनरल केमिस्ट्री ४, कॅल्क्युलस ४, लेखनाचा कोर्स ३, बायबलची ओळख ३, शारीरिक शिक्षण १, फर्स्ट-इयर सेमिनार १. झाले १६. बारावीला सायन्स असलेल्या मुलाला कॅल्क्युलसचा अर्धा भाग ओळखीचा निघतो, त्यामुळे वजन कागदावर दिसतं त्यापेक्षा थोडं हलकं असतं. पण प्लेसमेंट टेस्टमध्ये मार्क मिळाले म्हणून थेट कॅल्क्युलस दोनला उडी मारू नका. पहिल्या सेमिस्टरला एक तरी वर्ग असा हवा, जिथे इंग्रजी समजून घेण्यापलीकडे धडपड नाही.

लेखनाचा कोर्स टाळायची इच्छा सगळ्यांना होते. टाळू नका. पुढच्या प्रत्येक कोर्समध्ये लागणारं हत्यार तिथे मिळतं.

आणखी एक बारीक कलम: एफ-१ साठीच्या १२ क्रेडिटमध्ये दर सत्राला ऑनलाइन वर्ग एकच मोजला जातो, फार तर ३ क्रेडिटचा. म्हणजे ९ क्रेडिट वर्गात आणि ६ ऑनलाइन घेतलीत, तर ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) १५ दिसतील, व्हिसाच्या हिशेबात १२ च. वेळापत्रकात कोर्सच्या नावापुढे कोणता संकेत आहे ते तपासा. काही वर्ग दिसायला साधे असतात आणि भरतात मात्र पूर्ण ऑनलाइन.

४. जास्त घ्यायचा मोह

बऱ्याच खासगी कॉलेजांत फी पट्ट्यात असते: १२ ते १८ पर्यंत कितीही घ्या, रक्कम एकच. (पट्टा कुठे १७ ला संपतो, कुठे १६ लाही.) मी पहिल्या सेमिस्टरला १८ घेतली. कारण काय, तर पैसे तेवढेच. थाळी अनलिमिटेड आहे म्हणून सातवी पुरणपोळी खाणाऱ्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. नोव्हेंबरपर्यंत बायोलॉजीत सी प्लस, आणि डोळ्यांखाली काळं. ॲडव्हायजरने, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्याने, सही करताना एकदा भुवया उंचावल्या होत्या. इथली माणसं नको म्हणत नाहीत, भुवया उंचावतात. ती भाषा मला तेव्हा येत नव्हती.

पट्ट्याच्या वर गेलात की त्याला ओव्हरलोड म्हणतात. त्यासाठी वेगळा फॉर्म, ठरावीक जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी (कुठे ३.०, कुठे ३.५), ॲडव्हायजर आणि रजिस्ट्रार दोघांची संमती, आणि प्रत्येक जादा क्रेडिटचे वेगळे पैसे. पहिल्या वर्षी शक्यतो मिळत नाही आणि ते बरंच आहे. कॉलेजच्या गायकवृंदाचं किंवा ऑर्केस्ट्राचं अर्धं-एक क्रेडिटही बेरजेत धरलं जातं हे लक्षात ठेवा. ‘गाणं काय, छंद आहे’ म्हणून नाव नोंदवलं आणि १८ चे १९ झाले, की बिल येतं.

५. सोडायचं असेल तर तारीख बघून सोडा

कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर छापून टेबलासमोर चिकटवा. त्यातल्या दोन तारखांवर लाल खूण करा.

पहिली: ‘ॲड-ड्रॉप’ची शेवटची तारीख. सत्र सुरू झाल्यापासून साधारण एक-दीड आठवडा. तोवर सोडलेला कोर्स ट्रान्स्क्रिप्टवर दिसतच नाही आणि फीही परत होते. पहिल्या दोन वर्गांत सिलॅबस मिळतो. तो शेवटच्या पानापर्यंत वाचून याच काळात निर्णय घ्या. सिलॅबस म्हणजे आपल्याकडचा अभ्यासक्रम नव्हे, तो प्राध्यापकांशी झालेला करार आहे. किती गैरहजेऱ्यांनंतर ग्रेड उतरते, उशिरा दिलेल्या कामाचे किती टक्के कापतात, फोन वाजला तर काय, सगळं त्यात असतं.

दुसरी: ‘विथड्रॉ’ची शेवटची तारीख. बहुतेक ठिकाणी दहाव्या आठवड्याच्या आसपास. या काळात सोडलं तर डब्ल्यू लागतो. तो जीपीएमध्ये मोजत नाहीत, पण कागदावर कायम राहतो आणि फी बुडते. ही तारीख उलटली की कोर्स सुटत नाही. जी ग्रेड मिळेल ती घ्यायची.

वर दिलेल्या १६ क्रेडिटच्या नमुन्यावर हा फरक करून बघू. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, सी प्लस २.३, एफ शून्य, असं कोष्टक बऱ्याच ठिकाणी असतं. ग्रेडचा आकडा गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा कॅल्क्युलसला ए (१६.०), लेखनाला ए मायनस (११.१), बायबलला बी (९.०), शारीरिक शिक्षण आणि सेमिनारला ए (४.० आणि ४.०). झाले ४४.१. आता केमिस्ट्री:

सी प्लस आला तर ९.२ मिळतात, ५३.३ भागिले १६, म्हणजे ३.३३.
डब्ल्यू घेतला तर ४४.१ भागिले १२, म्हणजे ३.६८.
एफ आला तर ४४.१ भागिले १६, म्हणजे २.७६.

डब्ल्यूचा आकडा सर्वांत देखणा दिसतो, पण केमिस्ट्री पुन्हा घ्यावी लागेलच, आणि तिच्यावर अवलंबून असलेले पुढचे कोर्स एक वर्ष मागे जातील. मला विचाराल तर सी प्लस मिळणार असेल तर टिकून राहा. डब्ल्यू एफपासून वाचण्यासाठी ठेवा. कोर्स पुन्हा केल्यावर बऱ्याच कॉलेजांत नवी ग्रेड जीपीएमध्ये धरतात, जुनी मात्र ट्रान्स्क्रिप्टवर तशीच दिसत राहते.

‘इन्कम्प्लीट’ नावाचीही एक सोय आहे. आजारपण, घरात मृत्यू अशा कारणाने शेवटचं थोडंसं काम राहिलं, तर प्राध्यापक वाढीव मुदत देतात. तुमचं काम मागे पडलंय म्हणून ती मिळत नाही.

६. १२ च्या खाली जायलाच लागलं तर

क्रम पाठ करा: आधी परवानगी, मग बटण. परवानगी देणारी व्यक्ती म्हणजे आंतरराष्ट्रीय कार्यालयातला डीएसओ, व्हिसाच्या नोंदी बघणारा अधिकारी. तुमचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेला दाखला, ज्याच्या सहीने निघाला तोच. ॲडव्हायजर हो म्हणाला, प्राध्यापक हो म्हणाले, चॅपलचे पाद्रीसाहेब हो म्हणाले, तरी डीएसओने सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी प्रणालीत नोंद केल्याखेरीज त्याला अर्थ नाही. परवानगीविना १२ च्या खाली गेलात तर सेव्हिसमधला तुमचा रेकॉर्ड बंद होऊ शकतो, आणि तो पुन्हा सुरू करणं फार जिकिरीचं.

कारणं नियमात ठरलेली आहेत. सुरुवातीची इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची अनोळख, चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये बसवलं जाणं: या शैक्षणिक कारणांसाठी पदवीच्या एका टप्प्यात एकदाच सवलत मिळते. तीही किमान ६ क्रेडिट ठेवून, आणि पुढच्या सत्रात परत पूर्णवेळ. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं. ही सवलत एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते आणि त्यात गरज पडली तर शून्य क्रेडिटही चालतात. नैराश्य, झोप न लागणं, पॅनिक ॲटॅक हेही वैद्यकीयच. आपल्या मुलांना शैक्षणिक कारण सांगताना लाज वाटत नाही, पण मनाच्या आजाराचं पत्र आणायला सांगितलं की गप्प होतात. कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये तुमच्या आधी बरेच जण बसून गेलेले असतात.

७. प्रोबेशन म्हणजे काय, काय नाही

एकूण जीपीए २.० च्या वर असला की तुम्ही ‘गुड स्टँडिंग’मध्ये. काही कॉलेजं पहिल्या वर्षासाठी ही रेघ थोडी खाली ठेवतात. रेघेखाली गेलात की अकॅडेमिक प्रोबेशनचं पत्र येतं. पत्राची भाषा ख्रिस्ती कॉलेजात बहुधा प्रेमळ असते. देवाने दिलेल्या देणग्या, त्यांचा सांभाळ, तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो आहोत, वगैरे. त्या मऊपणाने फसू नका. तिसऱ्या परिच्छेदात अटी असतात: पुढच्या सत्रात १२ ते १४ च क्रेडिट, दर आठवड्याला अकॅडेमिक कोचची भेट, संघातून खेळणं बंद, विद्यार्थी संघटनेतलं पद सोडायचं. त्या पाळूनही जीपीए वर आला नाही तर सस्पेन्शन.

नुसत्या प्रोबेशनने व्हिसा जात नाही. पूर्ण क्रेडिट घेऊन वर्गात हजर आहात तोवर स्टेटस शाबूत. सस्पेन्शनने मात्र जातो, कारण तुम्ही विद्यार्थीच उरत नाही. म्हणून प्रोबेशनचं पत्र आल्यावर ते घरच्यांपासून लपवत बसण्यापेक्षा त्याच दिवशी कोचची वेळ घ्या. सस्पेन्शन झालंच तर अपील असतं. अपिलाच्या पत्रात नुसती माफी मागू नका. काय बिघडलं, त्यासाठी काय केलं आणि पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक कसं असेल, हे लिहा.

वरच्या टोकाला डीन्स लिस्ट: साधारण ३.५ च्या पुढे, आणि बहुतेक ठिकाणी किमान १२ क्रेडिट ग्रेडसह. पास-फेलवर घेतलेले कोर्स त्यात धरत नाहीत.

शिष्यवृत्तीची रेघ २.० च्या वर कुठेतरी असते आणि ती तुमच्या प्रवेशपत्रात लिहिलेली असते. ते पत्र पुन्हा काढून वाचा. ‘आठ सेमिस्टरपर्यंत’ असं कलम असेल तर नववी सेमिस्टर पूर्ण फीची.

इथेच वाढलेल्या, नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मराठी मुलांना वेगळा हिशेब लागतो. केंद्र सरकारची मदत घेत असाल तर घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात आणि १२० च्या पदवीसाठी १८० क्रेडिटच्या पुढे मदत मिळत नाही. डब्ल्यू जीपीएत नसला तरी या हिशेबात ‘घेतलेलं’ म्हणून धरला जातो. पेनसिल्व्हेनियातलं ग्रोव्ह सिटी कॉलेज ही सरकारी मदत घेतच नाही, तिथे हे कलम लागू नाही.

८. आई-बाबांसाठी

कोल्हापूरहून एका वडिलांचा फोन आला होता, इथल्या सकाळी आठला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी. ‘फी मी भरतो. मार्क मला का सांगत नाही?’ १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार मुलगा कॉलेजात दाखल झाला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय काहीही असो. त्याने लेखी संमती दिली तरच आम्ही बोलू शकतो. मी त्यांना हवामान सांगितलं, मेसमध्ये भात मिळतो हे सांगितलं, ग्रेड नाही. ते चिडले, आणि त्यांच्या जागी माझे बाबा असते तर तेही चिडले असते. येण्याआधी घरात बसून हे बोलून घ्या: संमतीचा फॉर्म भरायचा की नाही, आणि भरला नाही तर सेमिस्टर संपल्यावर मुलाने स्वतः काय दाखवायचं.

९. उत्तर कोणाचं

डायजेस्टमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की आपल्याकडे पूर्ण मार्क पडतात. इथे दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांशिवाय आलं की ती चोरी. पहिल्यांदा त्या कामाला शून्य, दुसऱ्यांदा कोर्सला एफ, असा क्रम बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ख्रिस्ती कॉलेजात प्रकरण वागणुकीच्या नियमपत्राखालीही जाऊ शकतं. एआय वापरायचं की नाही हे प्रत्येक सिलॅबसमध्ये वेगळं असतं. शंका आली तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या वेळेत, जाऊन विचारा. ते दार खरंच उघडं असतं. मी पहिले दोन महिने बाहेरूनच परत यायचे, सर कामात दिसतात म्हणून.

१०. शेवटची सेमिस्टर

पोर्टलवर ‘डिग्री ऑडिट’ असतो: पूर्ण झालेल्या अटींवर हिरवी खूण, राहिलेल्यांवर लाल. दर सेमिस्टरच्या नोंदणीआधी तो काढा आणि ॲडव्हायजरबरोबर ओळ न् ओळ बघा. शेवटच्या सेमिस्टरला ५-६ क्रेडिटच उरली असतील तर कमी लोडची परवानगी मिळते, तीही डीएसओकडून आणि आधीच. एकच कोर्स उरला असेल तर तो ऑनलाइन चालत नाही. पदवी आय-२० वरच्या तारखेपर्यंत संपणार नसेल, तर मुदतवाढ ती तारीख उलटण्याआधी मागावी लागते. आणि पदवीसाठी अर्ज करावा लागतो! चार वर्षं शिकलात म्हणून ती आपोआप छापली जात नाही.

ऑडिटच्या अगदी तळाला शून्य क्रेडिटच्या ओळी असतात आणि तिथे कोणी बघत नाही. जळगावच्या एका मुलाची १२४ क्रेडिट पूर्ण होती, जीपीए ३.७. तळाची एकच ओळ लाल होती: चॅपल, सेमिस्टर पाच. त्या सेमिस्टरला त्याची लॅब नेमकी चॅपलच्या वेळेला होती. सूट मिळण्यासाठी फॉर्म भरायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं. मे महिन्यात तो टोपी-झगा घालून रांगेत चालला, त्याच्या आई-बाबांनी फोटोही काढले, पण हातात आलेली गुंडाळी रिकामी होती. जूनमध्ये त्याने रेकॉर्ड केलेली १५ प्रवचनं ऐकली, प्रत्येकावर एकेक पान लिहून दिलं, आणि डिप्लोमा ऑगस्टमध्ये टपालाने जळगावला पोहोचला.